मिरचीचा पत्ता

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. प्रा. दिगंबर ओंकार खर्चे. नांदुऱ्याच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आईबाबांचं नाव आधी घ्यायला हवं, हे मला कळतं. पण वडनेरला आमच्या घरी जाऊन बाबांना विचारलं तर तेही हेच नाव सांगतील, आणि वर म्हणतील, "मास्तर नसता तं हे पोरगं आज बियाण्याच्या दुकानात पुड्या मोजून राह्यलं असतं."

सर उंचीने बेताचे, अंगाने सडसडीत. शर्टाच्या खिशात पेनासोबत सहा इंची स्टीलची पट्टी असायची. ती पट्टी ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर आडवी धरत आणि तिच्या कडेने अक्षरं वाचत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू यायचं. मलाही आलं होतं. पण त्या पडद्यावर ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं हजारोंच्या संख्येने एकामागे एक उभी असली, की पट्टीशिवाय डोळा कुठे घसरेल सांगता येत नाही. सजीवाच्या पेशीतला सगळा मजकूर या चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्या सगळ्या मजकुराला जीनोम म्हणतात, हे मला सरांनीच शिकवलं. "पुस्तक लय मोठं हाय," ते म्हणायचे, "पण अक्षरं चारच. बाराखडीपेक्षा सोपं हाय बे."

सरांचा एक प्रश्न साऱ्या कॉलेजला पाठ होता : "कुठून घेतलं?" विद्यार्थ्याने कोणताही आकडा सांगितला की हा प्रश्न यायचा. "आकडा सांगतला अन् कुठून घेतला ते नाही सांगतलं, तं ती अफवा," असं त्यांचं म्हणणं. स्टाफरूमही यातून सुटली नव्हती. एकदा इतिहासाचे सर धावत आले, म्हणाले, "आजची पॅसेंजर रद्द झाली."

"कोणी सांगतलं?" खर्चे सरांनी डब्यातून मान वर न काढता विचारलं.

"सगळे म्हणून राह्यले."

"सगळ्याईचा फोन नंबर द्या, विचारून पाहतो."

बाकीचे वैतागून बस स्टँडवर गेले. सर स्टेशनवर गेले, खिडकीवर विचारलं आणि वेळेवर आलेल्या गाडीत बसून मलकापूरला घरी पोचले. पुढचे आठ दिवस इतिहासाचे सर त्यांना पाहिलं की रस्ता बदलत.

असा माणूस जीनोमच्या नादी लागला यात नवल नव्हतं. कुठल्याशा उजळणी वर्गात त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, की जगभरच्या प्रयोगशाळांनी वाचलेले जीनोम इंटरनेटवर मोकळे ठेवलेले आहेत. तांदूळ, मिरची, उंदीर, माणूस, कोणाचाही उघडा. त्यात फिरायला नकाशासारखी साधनं आहेत. ओळखू न येणारा तुकडा टाकला की तो कोणाचा ते शोधून देणारी यंत्रणा आहे. आणि हे वापरायला कोणाची शिफारस लागत नाही. सर परत आले ते हीच बातमी घेऊन. "अमेरिकेतला माणूस जे पाहते तेच नांदुऱ्यातला पाहते! एकच पडदा! फक्त आपला जरा हळू उघडते."

'जरा हळू' हे त्यांनी सभ्यपणे म्हटलेलं. आमच्या प्रयोगशाळेत अकरा कॉम्प्युटर होते. त्यातले सात चालायचे आणि ऑफिसात प्रवेशाचे फॉर्म भरायला सुरुवात झाली की त्या सातांचंही नेट जायचं. तेवढ्या वेळात सर आम्हाला कागदावर अक्षरं उतरवायला लावत.

पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली. प्रत्येक चिठ्ठीवर दोनशे अक्षरं. "याचा धनी शोधा," एवढंच म्हणाले. आम्ही ती अक्षरं एका बोटाने टाइप केली, शोधाचं बटण दाबलं आणि वाट पाहत बसलो. आमच्या वर्गातली वैशाली एकदम ओरडली, "सर! माही चिठ्ठी उंदराची निंगाली!" साऱ्या वर्गात हशा. कोणाची केळीची निघाली, कोणाची गव्हाची. माझी मिरचीची निघाली, पण जुळवणी शंभर टक्के नव्हती. एका जागी अक्षर वेगळं होतं. मला वाटलं, मी काहीतरी नवीन शोधलं. छाती फुगवून सरांना बोलावलं.

त्यांनी पट्टी आधी पडद्यावर ठेवली, मग माझ्या चिठ्ठीवर. "चिठ्ठीत जी हाय. तू सी दाबला." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नको. पण ध्यानात ठेव, जिथं वेगळं दिसते तिथं पयले आपलं बोट तपासायचं. मिरचीवर संशय मागून."

मिरची मला चिकटली ती तेव्हापासून. आमच्या वावरात भाजीपाला असतो. वांगी, टोमॅटो आणि दरवर्षी मिरची. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प करायचा होता, तेव्हा सर म्हणाले, घरचीच मिरची घे. प्रश्न साधा होता. तिखट मिरचीत तिखटपणा आणणारं एक जनुक आहे. ढोबळी मिरची तिखट नसते, तर तिच्या जीनोममध्ये त्या जनुकाचं काय झालंय? दोन्ही जीनोम इंटरनेटवर होते. बघायचं आणि मांडायचं.

एका रविवारी सर आमच्या घरी आले, विषय बाबांना समजावून सांगायला. बाबा बांधावर उकिडवे बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "सर, पोरगं कॉम्प्युटरात मिरची पाहते म्हणते. आमच्या वावरात काय कमी हायेत मिरच्या?"

"तुमच्या वावरात झाड दिसते, पाटील. त्याच्या पोटातलं कुठं दिसते?"

"पोटातलं दिसते ना. खाऊन पाहा."

सरांनी खरंच एक मिरची तोडली आणि चावली. पुढची दहा मिनिटं ते बोलू शकले नाहीत. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आईने ताक आणलं. बाबा मात्र त्या दहा मिनिटांत त्यांच्यावर खूश झाले. जाताना त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं : नांदुऱ्याला मावसभावाचं बियाण्याचं दुकान आहे, तिथे पोराची जागा धरून ठेवलीय. विद्यापीठाच्या प्रकल्प-प्रदर्शनात नंबर आला तर पुढे शिकू दे, नाही आला तर दुकान. सर म्हणाले, "ठीक हाय." भांडले नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

त्या प्रदर्शनात प्रत्येक विद्यार्थ्याने आपलं काम एका मोठ्या फलकावर मांडायचं होतं. माझा निष्कर्ष तयार होता : ढोबळी मिरचीत ते जनुक अजिबात नाही, पार पुसून गेलंय. कसं काढलं, तेही सांगतो. जनुकाची सगळी अक्षरं टाकून ढोबळीच्या जीनोममध्ये जुळवणी शोधायची, हा खरा रस्ता. पण आमच्या नेटवर ती जुळवणी अर्ध्यात लटकायची. म्हणून मी सोपी वाट धरली. ढोबळीत ते जनुक कुठे असायला हवं, याचा पत्ता एका जुन्या शोधनिबंधात दिला होता, कितव्या गुणसूत्रावर, कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत. तो आकडा मी नकाशात टाकला. नकाशा त्या जागी गेला. तिथे काहीच नव्हतं. माळरान. सरांनी माझा प्रत्येक आकडा निबंधाशी ताडून पाहिला, पट्टी लावून. सगळे बरोबर होते. त्यांनी खाली सही केली.

फलक नांदुऱ्याच्या फ्लेक्सवाल्याकडे छापायला दिला. तो वाढदिवसाचे फ्लेक्स करणारा. त्याने आम्हाला न विचारता चारी कोपऱ्यांत गुलाब टाकले आणि सरांच्या नावाच्या वर 'मार्गदर्शक' याऐवजी 'प्रेरणास्थान' लिहिलं. सरांनी तो शब्द पेनाने खोडला. गुलाब राहिले.

आता जे लिहितो, ते कित्येक वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रदर्शन सोमवारी होतं. आदल्या गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत मी एकटाच होतो आणि नेट कधी नव्हे ते चांगलं चालत होतं. सहज म्हणून मी ती लटकणारी जुळवणी पुन्हा लावली. ती पुरी झाली. जनुक सापडलं. त्याच गुणसूत्रावर, पण भलत्याच ठिकाणी. पुढचा तुकडा गेलेला, बाकीचं तिथेच. म्हणजे माझा फलक चूक होता. मी पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं, विंडो बंद केली आणि वडनेरची बस पकडली.

फ्लेक्स छापून झाला होता. नंबर आला नाही तर दुकान, हे बाबांचं वाक्य कानात होतं. कोणाला कळणार आहे, असं मी स्वतःला बसमध्ये तीन-चारदा सांगितलं.

शनिवारी सकाळी सरांचा फोन आला. "गजानन, कॉलेजात ये. आपली मिरची चुकली."

सर प्रयोगशाळेत बसले होते. शुक्रवारी त्यांनी सगळं काम स्वतः पहिल्यापासून पुन्हा केलं होतं. कोणी सांगितलं म्हणून नाही, सही केली होती म्हणून. त्यांनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर पट्टी टेकवली. तिथे बारीक अक्षरांत जीनोमची आवृत्ती लिहिलेली होती. "हे पाह्य. निबंधवाल्यानं पत्ता देल्ला तो जुन्या आवृत्तीतला. त्याच्यानंतर शास्त्रज्ञांनी जीनोम पुन्हा जोडला, मधल्या भेगा भरल्या. सारे आकडे सरकले. जमिनीचं एकत्रीकरण झालं तवा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तसंच. जुना नंबर घेऊन नव्या नकाशात वावर शोधलं, तं माणूस दुसऱ्याच्याच बांधावर जाऊन उभा राह्यते. अन् म्हणते, माहं वावर चोरीले गेलं!"

ते स्वतःच हसले. मग गंभीर झाले. "चूक माही हाय. आकडे तपासले, आवृत्ती नाही तपासली. आयुष्यभर लोकाईले विचारलं, कुठून घेतलं, कुठून घेतलं. अन् सही करताना स्वतःले नाही विचारलं."

तिथेच मी बोलायला हवं होतं. मी बोललो, पण दुसरंच. "सर, फ्लेक्स छापून झाला. तिथं कोणाले कळणार हाय?"

"मले कळलं. तुले कळलं. दोन माणसं झाले."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी नंबर जाणार म्हणून रडवेला झालोय. त्यांनी चहा मागवला. मग एक पांढरा कागद घेतला आणि मला लिहायला बसवलं, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत : 'वरील निष्कर्ष चुकीचा आहे. जनुक जागेवर आहे. त्याचा फक्त पुढचा तुकडा नाही. चूक कशी झाली ते खाली दिले आहे.' मराठीत कशाला, मी विचारलं. "तिथं येणाऱ्या अर्ध्या लोकाईचं इंग्रजी माह्यासारखंच हाय," ते म्हणाले. अक्षर माझं, मजकूर त्यांचा. सोमवारी आम्ही तो कागद फ्लेक्सच्या मधोमध डिंकाने चिकटवला. प्राचार्यांनी पाहिला आणि कपाळावर हात मारला, "खर्चे सर, कॉलेजचं नाव हाय खाली!"

"म्हणून तं चिकटवला," सर म्हणाले.

परीक्षक आले. एका मॅडमनी कागद दोनदा वाचला, हसल्या, म्हणाल्या, "आवृत्ती? आमच्याकडे पीएच.डी.ची मुलं हीच चूक करतात." मला वाटलं, आता नंबर येणार. आला नाही. ज्यांचे निष्कर्ष बरोबर होते त्यांचे आले, आणि ते योग्यच होतं. परतताना गाडीत सर शांतपणे शेंगदाणे खात होते. मी फ्लेक्सची गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो होतो.

ती गुंडाळी बाबांनी लगेच कामाला लावली. लाल मिरच्या वाळायला आल्या होत्या आणि फ्लेक्ससारखं अंथरूण नाही. अंगणात तो पसरताना मध्ये चिकटलेला कागद त्यांना दिसला. बाबा सातवी शिकलेले. बोट फिरवत त्यांनी सगळा वाचला.

"हे तू लिवलं?"

"हाव."

"एवढ्या लोकाईसमोर लावलं?"

"सरांनी लावलं."

बाबा मिरच्या पसरायचं थांबले. म्हणाले, "मागच्या साली मले तिखट म्हणून बी देल्लं, अन् निंगाल्या फिक्याफट मिरच्या. दुकानदाराकडे गेलो तं म्हणे, तुह्या मातीतच दम नाही. चूक झाली, एवढं तोंडातून निंगालं नाही त्याच्या." मग पुन्हा कागदाकडे पाहिलं. "तू आपली चूक आपल्या हातानं लिवून चौकात टांगली. तू आता दुकानाच्या कामाचा नाही राह्यला. जाय, शिक."

असा मी अमरावतीला एम.एस्सी.ला गेलो. आज हैदराबादला एका संशोधन संस्थेत पिकांचे जीनोम वाचायचं काम करतो. पहिल्या पगाराच्या महिन्यात मी सरांना फोन केला होता. त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "कोणती आवृत्ती वापरता?"

गेल्या शनिवारी सर निवृत्त झाले. कॉलेजच्या हॉलमध्ये निरोप समारंभ होता. आम्ही जुने विद्यार्थी बरेच जमलो होतो, वैशालीही आपल्या दोन मुलींना घेऊन आली होती. भाषणं झाली. इतिहासाच्या सरांनी पॅसेंजरची गोष्ट स्वतःच सांगितली आणि टाळ्या घेतल्या. शेवटी सर उठले. म्हणाले, नोकरीत मी एक मोठी चूक केली, ती आज सांगतो. आणि त्यांनी मिरचीची सगळी गोष्ट सांगितली. चूक माझी, ते म्हणाले, आणि ती भर सभेत मान्य करायची हिंमत या पोराची. नंबर जाणार हे माहीत असून त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. "उभा राह्य गजानन!"

मी उभा राहिलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीच्या मुलींनीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना शोधत प्रयोगशाळेत गेलो. शाल आणि नारळ टेबलावर ठेवून सर एका कॉम्प्युटरसमोर वाकून बसले होते. शेजारी त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅडम होत्या, मागे चार विद्यार्थी. "हा पाचवा नंबर बंद पडला की पाठीवर थापटायचं," सर सांगत होते, "जोरात नाही, म्हशीले थापटतो तसं." त्यांनी थापटलं. पडदा उजळला. पोरं हसली, सरही हसले, आणि त्या उजेडात त्यांचा चेहरा मला परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा दिसला. मी दारातच थांबलो. इतक्या लोकांत मला बोलता आलं नाही. तसाच वडनेरला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे पत्र लिहिलं.

वडनेर भोलजी,
रविवार

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

काल तुम्ही सभेत माझी गोष्ट सांगितलीत. तिच्यात एक दुरुस्ती आहे, ती करायला हे पत्र.

आपली मिरची चुकली हे मला तुमच्या आधी कळलं होतं. प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी मी जुळवणी लावली होती आणि ती पुरी झाली होती. जनुक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि विंडो बंद केली. शनिवारी तुम्ही 'चूक माही हाय' म्हणालात, तेव्हा मी गप्प बसलो. तो कागद मी हिमतीने लिहिला नाही. तुम्ही समोर बसला होतात म्हणून लिहिला. त्याच कागदामुळे बाबांनी मला शिकू दिलं, म्हणून नंतर सांगायची आणखीच भीती वाटत गेली. कालच्या टाळ्या तुमच्या होत्या. त्या मी घेतल्या.

आवृत्ती तपासायची राहिली, एवढी चूक तुमची. ती तुम्ही एका दिवसात शोधून जगाला दाखवली. माझ्या चुकीला इतकी वर्षं लागली.

आज सकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. ते गोठ्यात होते. हातातली वैरण त्यांनी आधी म्हशीपुढे टाकली. मग म्हणाले, "मास्तरले सांगतलं का?" मी म्हटलं, नाही. "मंग मले काऊन सांगून राह्यला बे? कागद घे."

घरात कोरा कागद नव्हता, म्हणून पुतणीच्या वहीचं पान फाडलंय. मागच्या बाजूला तिचे पाढे आहेत, त्याकडे दुर्लक्ष करावं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. अकराच्या बसने मी स्वतः घेऊन मलकापूरला येतोय. तुम्ही ते वाचून होईपर्यंत मी दारातच उभा असेन. आत बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
गजानन